नेपल्सला जाताय? मग एवढ्या चुका तरी टाळा

इटलीतल्या नेपल्सला येणाऱ्या आपल्या मंडळींचा बेत मी आता न विचारता सांगू शकते. सकाळच्या गाडीने रोमहून यायचं, सामान स्टेशनवर टाकायचं, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईचे अवशेष उरकायचे, पिझ्झा खायचा, फुटबॉलपटू मॅराडोनाच्या भित्तिचित्रापुढे फोटो काढायचा आणि रात्री परत. मग फोन येतो, "इथले लोक जरा तुसडेच आहेत गं." नाहीत हो. तुम्ही भलत्या वेळी भलत्या दारात उभे होतात, एवढंच.

दारावरून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त चीड मला याच चुकीची येते.

विया तोलेदो या मोठ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला क्वार्तिएरी स्पान्योली आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांसाठी वसवलेल्या या अरुंद गल्ल्या. इथे तळमजल्यावर एकखणी घरं असतात, त्यांना 'बासो' म्हणतात. दार थेट रस्त्यावर उघडतं, आणि उजेड-वारा तिथूनच येत असल्याने दिवसभर उघडंच असतं. आत पलंग, टेबल, टीव्ही, शेगडी, सगळं एकाच नजरेत दिसतं. आणि आपले लोक त्या दारात वाकून मोबाईल आत घालतात! गिरगावातल्या चाळीत कोणी परका असा खोलीत डोकावला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

माझ्या मैत्रिणीचे काका, नाशिकचे, बँकेतून निवृत्त, अगदी सज्जन माणूस. मॅराडोनाच्या भित्तिचित्राकडे जाताना एका दाराशी थबकले. आत एक आजीबाई घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसल्या होत्या. मागे पलंगावर बनियनवर कोणीतरी झोपलेलं. भिंतीवर शहराचे रक्षक मानले जाणारे संत जेन्नारो यांची तसबीर, शेजारी मॅराडोनाची. काकांनी पटापट फोटो घेतले. आजी ओरडल्या नाहीत. शेंगा बाजूला ठेवल्या, पदराला नव्हे पण ॲप्रनला हात पुसले, आपला मोबाईल घेऊन बाहेर आल्या आणि काकांच्या नाकासमोर धरून त्यांचे फोटो काढायला लागल्या. एक समोरून, एक बाजूने. अख्खी गल्ली हसत होती. काका गोरेमोरे. मी म्हटलं, "काका, आधी ते फोटो काढून टाका." त्यांनी काढले. तेवढ्यात शेजारचा पोरगा पुढे आला आणि खूण करून म्हणाला, मोबाईलच्या कचरापेटीतलेही काढा. तेही काढले, तेव्हा कुठे आजी आत गेल्या.

माझी सवय साधी आहे. गल्लीत शिरले की मोबाईल पर्समध्ये. दारात कोणी बसलेलं दिसलं की "बोंजोर्नो", दुपारनंतर "बोनासेरा". नजरानजर झाली, दोन शब्द झाले आणि खरंच फोटो हवासा वाटला, तर विचारते. बहुतेक वेळा हो म्हणतात, वर केस नीट करून बसतात. वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो खुशाल काढा, पण कोणाच्या चादरी खाली ओढून 'फ्रेम' जमवू नका. होय, हेही पाहिलंय.

दुसरी चूक पोटाची. सकाळी हॉटेलात भरपेट नाश्ता, मग पॉम्पेईत चार तास उन्हात, आणि साडेतीन वाजता "चला, आता जेवू." कुठे? दुपारची जेवणं साधारण साडेबाराला सुरू होतात आणि तीनच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, ती थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. छोटी दुकानंही दुपारी शटर ओढतात. त्या वेळी रस्त्यावर फोटोंचं मेन्यूकार्ड नाचवत जो माणूस तुम्हाला बोलावतो, तो तुमचीच वाट बघत असतो. भुकेला पाहुणा भाव बघत नाही हे त्याला पक्कं ठाऊक. मग माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, बिलात दिसला की भांडण. कोपेर्तोशी भांडू नका, तो मेन्यूवर लिहिलेला असतो. भांडायचंच तर साडेतीनच्या जेवणाशी भांडा.

उशीर होणारच असेल तर आधी 'पिझ्झा आ पोर्ताफोल्यो' घ्या. छोटा पिझ्झा, चार घड्या घालून कागदात देतात, उभ्याने खायचा. बसून खाणार असाल तर माणशी एक पिझ्झा मागवा. चौघांत दोन मागवून वर चार रिकाम्या ताटल्या मागितल्या की वेटरचा चेहरा पडतो. "मधे कच्चा राहिलाय" म्हणून परतही पाठवू नका. साडेचारशे अंशांच्या वरच्या लाकडाच्या भट्टीत तो साठ ते नव्वद सेकंदच असतो. मधे मऊ, कडेला काळे ठिपके, तो असाच असायचा. युनेस्कोने 2017 मध्ये याच कलेला वारसा म्हणून मान दिला आणि आपण केचप मागतोय!

शाकाहारी मंडळींनो, तुम्ही पिझ्झ्याचीच चौकशी करता आणि फसता भलतीकडे. इथले मिरी-बदामाचे ताराल्ली, म्हणजे कडबोळ्यासारखे खुसखुशीत कडे, दिसायला निरुपद्रवी, पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत मळतात. स्फोल्यातेल्ला या पापुद्र्यांच्या गोड पदार्थातही तीच असते. विचारून घ्या. पार्मेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. चीजच नको असेल तर मरिनारा मागवा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. लसूणही चालत नसेल त्यांच्यासाठी मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

कॉफी उभ्याने प्या. गजबजलेल्या बारमध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानात, आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची. कपासोबत पाण्याचा छोटा ग्लास येतो, तो कॉफीच्या आधी प्यायचा. कप चटका बसेल इतका गरम असतो, कडेला धरू नका. बसलात तर दर बदलतो. तीन घोटांच्या कॉफीवर तासभर गप्पा मारायच्या असतील तर टेबलाचे पैसे द्या आणि कुरकुरू नका.

पिन्यासेक्काच्या बाजारात टोमॅटो दाबून बघू नका. भाजीवाला निवडून देतो, आणि "आज रात्रीसाठी" सांगितलंत तर पिकलेलाच देतो.

पॉम्पेईच्या अवशेषांसाठी सर्कुमवेसुवियाना या लोकल रेल्वेच्या सोरेंतोकडे जाणाऱ्या गाडीने 'पॉम्पेई स्कावी – विल्ला देई मिस्तेरी'ला उतरा. 'पॉम्पेई सान्तुआरियो' वेगळ्या फाट्यावर आहे, तिथे आजचं गाव आणि चर्च. नाव बघून धावत गाडी पकडणारे तिथेच उतरतात. मी पोर्ता नोलानाला, म्हणजे सुरुवातीच्या स्टेशनला चढते. पुढच्या गारीबाल्दी स्टेशनला सगळे लोंबकळत चढतात तेव्हा मी खिडकीशी बसलेली असते.

टॅक्सीत ठरीव भाडं हवं असेल तर गाडी सुटायच्या आधी "तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता" म्हणा. दरपत्रक गाडीतच असतं. उतरताना आठवून उपयोग नाही.

मंगळवारी पुराणवस्तू संग्रहालय बंद, सान्सेवेरो चॅपेलही बंद. जुझेप्पे सान्मार्तिनोने 1753 मध्ये घडवलेला, संगमरवरी वस्त्राखालच्या ख्रिस्ताचा पुतळा याच चॅपेलमध्ये आहे. तिकीट आधी काढा, फोटोला मनाई आहे. चर्चमध्ये खांदे झाकलेले हवेत, एक ओढणी पुरते. 15 ऑगस्टच्या आसपास, इथल्या उन्हाळी सुट्टीत, घरगुती दुकानं आणि खानावळी मोठ्या संख्येने बंद असतात. शाळेच्या सुट्ट्या जुळत नसल्या तरी चालेल, मे किंवा सप्टेंबरचं तिकीट काढा, आणि कृपा करून एक रात्र तरी इथे राहा.