शिवराईवरची अक्षरं धारदार कशी आली

वाचायचा नंबर वाढलेला, त्यात मोतीबिंदूची सुरुवात. शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचा, फोटो घ्यायला व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की 'श्री राजा शिव' या तीन ओळींचा नुसता तांबूस डाग दिसायचा. झिजलेल्या नाण्यावर ऑटोफोकसही चाचपडतो, मधूनच खालच्या कापडाचे धागे पकडतो.

मग डोळ्यावर विसंबणंच सोडलं. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवला, लेन्स मॅन्युअलवर टाकली, केबलनं लॅपटॉप जोडला. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पडद्यावरचं थेट चित्र, 10 पट मोठा केला की 'श्री'ची वेलांटी बोटाएवढी दिसते. इतक्या जवळून रिंग फिरवण्यापेक्षा कॅमेराच रेलवर (सरकत्या पट्टीवर) केसभर वर-खाली सरकवलेला बरा.

खरी कामाची युक्ती आरशाची. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की कॅमेरा नाण्याला समांतर झाला. नाहीतर एक कड धारदार, दुसरी पुसट. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ/8. फार बारीक केलं तर फोकसची खोली वाढते, पण विवर्तनामुळं (बारीक भोकातून उजेड पसरतो म्हणून) सगळंच मऊ पडतं.

2 सेकंदांचा टायमर, पंखा बंद. आमचं शिवाजी पेठेतलं घर जुनं, माडीवर कुणी चाललं तरी टेबल हलतं. म्हणून हे काम रात्री जेवणं उरकल्यावर.

उजेड एका बाजूनं तिरका हवा, म्हणजे झिजलेलं अक्षरही उठतं. चिंचेनं घासून नाणं चकचकीत करायचा सल्ला गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, फुकट मिळतो, तो तिथंच ठेवा.

व्ह्यूफाइंडरशेजारची नंबर जुळवायची चकतीही एकदा फिरवून घ्या. प्रदर्शनात व्ह्यूफाइंडरच वापरावा लागतो, तिथं लॅपटॉप कुठं मांडणार?