ब्रेन ट्यूमर: वॉर्डात रोज दिसणाऱ्या या चुका टाळा

न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून 22 वर्षं काढली. पेशंट बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते डेक्सामेथासोन मनानं बंद करणाऱ्यांमुळे. ट्यूमरभोवती मेंदूला सूज येते, ती हे स्टेरॉइड उतरवतं. दोन-चार दिवसांत डोकेदुखी कमी होते, लुळा पडलेला हात उचलायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं गाठच विरघळली. गाठ बहुतेक वेळा होती तिथंच असते.

एका आजोबांची या गोळ्यांनी साखर तीनशेवर गेली. शेजारी म्हणाले, स्टेरॉइड म्हणजे विष. मुलानं त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. चौथ्या पहाटे जीपमधून आणलं तेव्हा आजोबा हाकेला डोळे उघडत नव्हते. मुलाच्या खिशात पट्टी होती, निम्मी भरलेली. सूज परत चढली होतीच, शिवाय गोळ्या चालू असताना शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, त्यामुळे एकदम तोडलं की बीपीही कोसळू शकतं. साखर वाढली तर डॉक्टरांना फोन करा, ते साखरेचं औषध बदलतील. डोस उतरवायचा तो त्यांनीच, पायरीपायरीनं. मी डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना कालनिर्णयच्या चौकोनात रोजच्या गोळ्या लिहायला लावते, दुधाच्या हिशोबाशेजारी. तो कागद कुणी हरवत नाही.

दुसरा प्रश्न: “सिस्टर, कितवी स्टेज?” अहो, मेंदूतच उगवलेल्या गाठीला स्टेज नसते, ग्रेड असते, 1 ते 4; 1 सगळ्यात सौम्य, 4 सगळ्यात वाईट. ती कळते गाठीचा तुकडा तपासल्यावर. मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिन्जिओमा नावाची गाठ बहुतेक ग्रेड 1 ची. पूर्ण निघाली तर माणूस पुन्हा शेतावर जातो. ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूतली झपाट्यानं वाढणारी गाठ, ग्रेड 4. त्यात ऑपरेशननंतरही साधारण सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या किमोच्या औषधाच्या कॅप्सूल. फुफ्फुसातून किंवा स्तनातून पसरून आलेली गाठ हे आणखी तिसरंच प्रकरण. म्हणून शेजारणीच्या भावजयीचं काय झालं ते मला सांगत बसू नका. आणि स्कॅनमध्ये गोल दिसलेलं सगळं ट्यूमरच असतं असंही नाही. टीबीची गाठ निघते, जंताची निघते.

फिट आली की कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा तर नाहीच. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली असेल तर ती थांबली तरी त्याच दिवशी दाखवा.

डोकं दुखलं की लगेच एमआरआय मागणारेही भेटतात. बहुतेक डोकेदुखी ट्यूमरची नसते. पहाटे झोपेतून उठवणारी, उलटी झाली की हलकी होणारी, आठवड्यागणिक वाढणारी असेल तर मात्र बाम चोळत बसू नका.

चष्म्याचा नंबर तीनदा बदलूनही दाराच्या चौकटीला खांदा लागतोय? मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची तपासणी करा; तिथली गाठ डोळ्यांच्या नसा दाबते आणि बाजूचं दिसेनासं होतं. एकाच कानानं फोन ऐकू येईनासा झाला, तर तो कान दाखवा, कानाच्या नसेवरही गाठ असू शकते; दुसऱ्या कानाला फोन लावून वर्ष काढू नका.

गाठ विरघळवणाऱ्या काढ्यात तीन महिने घालवणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

आणि ओपीडीत नुसता रिपोर्ट आणू नका, फिल्म आणि सीडीही आणा. सर्जन फिल्म बघतो. सीडी आधी घरी लावून बघा; एकदा मोठ्या सरांसमोर लावली, तर आत नातवाचं बारसं निघालं.