पेट्रोल अ‍ॅम्बॅसिडर मिस मारते? कार्बोरेटरला हात शेवटी लावा

लग्नसराई आली की गावोगावच्या कोठ्यांतून, कुटाराच्या ढिगाशेजारून जुन्या अ‍ॅम्बॅसिडर बाहेर निघतात. बॅटरी चार्ज होते, ताजं पेट्रोल पडतं, गाडी सुरूही होते. पण इंजिन मिस मारतं, म्हणजे एखादा ठोका चुकवतं: थरथरतं, झटके देतं, चढावर दम टाकतं. मिस्त्री बॉनेट उघडतो आणि पहिला पेचकस कार्बोरेटरच्या स्क्रूला लावतो. चुकतं ते इथेच. कार्बोरेटरच्या नावावर खपणारे बहुतेक बिघाड पॉइंट, कंडेन्सर (हे दोन्ही ठिणगीच्या यंत्रणेतले भाग), वायर नाहीतर टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) असतात, आणि स्क्रू एकदा हलवला की मूळ दोष शोधताना दोन दोष शोधावे लागतात.

खालचे आकडे जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे आहेत. १८०० आयएसझेड आणि डिझेल गाड्यांना ते लावू नका. गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा शेवटचा माना.

आधी ऐका

मिस कधी मारते ते नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) फडफडते पण रेस दिली की साफ चालते, तर बाहेरची हवा आत शिरत असण्याचा किंवा टॅपेट घट्ट झाल्याचा संशय घ्या. स्लोवर ठीक पण चढावर, भरलेल्या गाडीत झटके देते, तर प्लग, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा पेट्रोलचा पुरवठा. थंड असताना उत्तम आणि वीस मिनिटांनी बिघडते, तर कंडेन्सर, कॉइल, नाहीतर मे महिन्यातला व्हेपर लॉक (उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं). सकाळी दव पडल्यावर किंवा पावसातच नखरे करते, तर डेल्कोचं (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं) झाकण आणि प्लगच्या वायरी.

मग सायलेन्सरच्या तोंडापाशी, चारेक बोटं अंतरावर, कागदाचा तुकडा धरा. चांगल्या इंजिनात तो एकसारखा बाहेर फडफडतो. ठरावीक ठोक्याला धक्का चुकत असेल तर एकच सिलिंडर सुस्त आहे. मध्येच कागद आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळल्याची शंका घ्या, आणि बाकी कशात वेळ न घालवता आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा.

कोणता सिलिंडर मेला आहे?

रेडिएटरकडून पहिला सिलिंडर एक नंबर. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. इंजिन गरम करा, स्लो थोडी वाढवा आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून बघा. काढलेली वायर अधांतरी ठेवू नका. जुन्या प्लगला लावून त्या प्लगची बॉडी इंजिनाला टेकवा, नाहीतर करंट कॉइलमधून किंवा झाकणातून वाट काढतो आणि नवा बिघाड देऊन जातो. वायर काढल्यावर इंजिनाचा वेग पडायला हवा. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही तो मेलेला.

एकच सिलिंडर मेला असेल तर त्याचा प्लग शेजारच्यात टाका आणि पुन्हा तपासा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग बदला, नाही गेला तर वायरीची अदलाबदल करा. वायरही निर्दोष निघाली तर कॉम्प्रेशन.

१ आणि २, किंवा ३ आणि ४ अशी जोडी एकदम मेलेली असेल तर मामला जास्त रंगतो. या हेडमध्ये १-२ ला मिळून एक इनटेक पोर्ट आहे, ३-४ ला दुसरा. म्हणजे मॅनिफोल्डचं (कार्बोरेटरपासून हेडपर्यंतच्या नळीचं) गॅस्केट एका टोकाला फुटलं तरी जोडी जाते. हेड गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे जळलं तरी जोडी जाते. आणि फायरिंग ऑर्डरमुळे डेल्कोच्या झाकणातही २-१ आणि ३-४ एकमेकांच्या शेजारीच येतात, त्यामुळे झाकणाला आतून तडा असला किंवा दोन वायरी उलट्या बसवल्या तरी लक्षण तेच. सोडवायचं असं: आधी वायरींचा क्रम, मग झाकण आतून उजेडात धरून पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसते का ते, मग कॉम्प्रेशन. तिन्ही ठीक निघाले तर मॅनिफोल्ड.

एकही सिलिंडर मेलेला नाही आणि मिस कधी इथे कधी तिथे, तर दोष चौघांच्या सामाईक वाटेवर आहे: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर (डेल्कोत फिरणारा भाग), किंवा पेट्रोल.

डेल्को: इथे वेळ द्या

पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क. त्यांची फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर बरोबर मध्ये आणून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. हलका अडला पाहिजे. पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर गेज टेंगळावर टेकतो आणि फट खोटी दाखवतो. बारीक कानसीने टेंगूळ उतरवा किंवा सरळ नवा सेट टाका. पॉलिश पेपर वापरू नका, त्याची रेती पॉइंटमध्ये रुतते. टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे जातं, म्हणून गाडी हळूहळू सुस्त होते आणि मालकाला ते कळतही नाही. टाचेखाली कॅमवर व्हॅसलिनचा बारीक हात पुरे. जास्त लावलं तर फिरताना उडून पॉइंटवर जातं.

आता रोटर काढा आणि मधला शाफ्ट अंगठ्याने आडवा ढकला. खटखट हलला तर बुश गेलाय. अशा डेल्कोत प्रत्येक सिलिंडरला फट वेगळी पडते, कितीही वेळा पॉइंट सेट केले तरी इंजिन एकसारखं चालत नाही. त्याला बुश बदलणं हाच इलाज.

आणखी एक जागा, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. डेल्कोच्या बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत एक लवचिक वायर जाते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (गरजेप्रमाणे ठिणगी लवकर पाडणारा भाग) काम करतो तेव्हा पॉइंटची पाटी सरकते आणि ही वायर दर वेळी वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतले तार तुटतात, वरचं वेष्टण मात्र शाबूत दिसतं. उभ्या गाडीत सगळं ठीक, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटका. चिमट्याने वायर हळूच ताणा. रबरासारखी लांबली तर आत काही उरलेलं नाही. पाटीला अर्थिंग देणारी छोटी वायरही अशीच तपासा.

कंडेन्सर मोजत बसण्यापेक्षा चांगला लावून बघणं सोपं. पॉइंटवर निळसर मोठी ठिणगी दिसते, प्लगवरची मात्र पिवळी आणि मरतुकडी, तर कंडेन्सर गेला. तो गरम झाल्यावर जातो आणि थंड झाल्यावर परत येतो, म्हणून फसवतो. बाजारातले नवे कंडेन्सर सगळेच टिकाऊ नसतात. जुना चालता सापडला तर फेकू नका, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

कॉइलला बॅलास्ट (बाहेरून जोडलेला रेझिस्टर) नसेल तर दोन छोट्या टर्मिनलमध्ये साधारण ३ ओहम यायला हवेत. थंड आणि गरम, दोन्ही वेळा मोजा. रोटरसाठी कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून ३-४ मिलिमीटरवर धरा, इग्निशन चालू ठेवून पॉइंट हाताने उघडा. पट्टीवर सणसणीत ठिणगी पडत राहिली तर करंट रोटरमधून शाफ्टला गळतोय.

प्लगची फट ०.०२५ इंच. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. जिथे करंट फुटतो तिथे निळं चमकतं.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट

इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या. मोठ्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन्ही सारखेच पडलेले असतील तर हेड गॅस्केट.

गेज नसेल तर पुढून हँडल मारा. इग्निशन बंद, गिअर न्यूट्रल, प्लग आत. दोन पूर्ण फेऱ्यांत चार वेळा सारखाच अटकाव जाणवला पाहिजे. अंगठा मुठीला वेढू नका, बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा मोडतो.

टॅपेटची फट गरम इंजिनावर ०.०१५ इंच. इंजिनात आठ व्हॉल्व्ह, आणि नऊचा हिशोब लक्षात ठेवायचा: ८ नंबरचा पूर्ण उघडा असताना १ नंबर सेट करा, ६ उघडा तेव्हा ३, ४ उघडा तेव्हा ५, ७ उघडा तेव्हा २, आणि मग उलट. बेरीज कायम नऊ. टॅपेट वाजत नाही म्हणून खूश होऊ नका. वाजणारा टॅपेट इंजिन सहसा बिघडवत नाही, गप्प बसलेला घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर फक्त शिसं नसलेलं पेट्रोल मिळतं. या जुन्या लोखंडी हेडच्या सीटना त्या शिशाचा आधार होता. आता सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. म्हणून एक्झॉस्टची फट दर पाच हजार किलोमीटरला तपासा.

बाहेरची हवा

इंजिन स्लोवर ठेवून मॅनिफोल्डचे जोड, कार्बोरेटरचा बूड, थ्रॉटल स्पिंडलची दोन्ही टोकं आणि व्हॅक्यूमची बारीक नळी यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावा. जिथे लावल्यावर इंजिनचा आवाज बदलतो तिथे गळती. हाच प्रयोग पेट्रोल शिंपडून करणारे मिस्त्री आहेत. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, तसं अजिबात करू नका.

पेट्रोल

कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉइलची वायर काढून सेल्फ मारा. दमदार पिचकाऱ्या यायला हव्यात. हे काम उघड्यावर, आणि आसपास कुणाची बिडी पेटलेली नको. पिचकारी अशक्त असेल तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. बंद पडलेल्या गाडीच्या हवेच्या छिद्रात कुंभारीण माशी मातीचं घर करते, मग टाकीत पोकळी होऊन पाच-सात किलोमीटरवर गाडी थांबते. त्यानंतर फिल्टर, पंपाची काचवाटी आणि डायफ्राम.

बाटलीतलं पेट्रोल दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर पाणी आहे. पेट्रोल पंपावरच्या ई-२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून उभ्या असलेल्या गाडीत हा थर हमखास सापडतो. टाकी रिकामी करा, त्यात ताजं ओतून मिसळू नका. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रामही इथेनॉलने फुगतात, ते इथेनॉलला चालणारे घ्या.

चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गाडीच्या पंपातच पेट्रोलची वाफ होते. गाडी बाजूला घ्या, पंपावर ओलं फडकं टाका. दहा मिनिटांत चालली तर व्हेपर लॉक. नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या आणि मधे पत्रा लावा.

आता कार्बोरेटर

त्याआधी टायमिंग. बारा व्होल्टचा बल्ब कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला आणि अर्थिंगला जोडा, इग्निशन चालू करून इंजिन हळू फिरवा. पॉइंट उघडताच बल्ब पेटतो. त्या क्षणी पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर हवी.

एअर फिल्टर धुवा. कापसाच्या हंगामात आणि कुटाराच्या धुळीत तो महिन्यात गच्च होतो.

कार्बोरेटर एसयू बनावटीचा असेल तर डॅशपॉटमध्ये (त्याच्या वरच्या घुमटात) पातळ इंजिन ऑइल आहे का बघा. नसेल तर रेस देताना इंजिन अडखळतं. पिस्टन वर उचलून सोडा, खाली टक् असा आवाज करत बसला पाहिजे. मग गरम इंजिनावर पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिन वाढून वाढलेलंच राहिलं तर मिश्रण जाड, लगेच बसलं तर पातळ, किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. खालचं नट खाली फिरवलं की पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच पैलू. ई-२० ला पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे जुन्या सेटिंगपेक्षा एक-दोन पैलू खाली जावं लागलं तर बिचकू नका.

सोलेक्स कार्बोरेटरवाली गाडी रेसवर चालते पण स्लोवर बंद पडते, तर स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय. हवा मारा, तार घालू नका. भोक मोठं झालं की जेट वाया.

सगळं झालं की दहा किलोमीटर चालवा, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढून क्लच दाबा, इग्निशन बंद करा आणि बाजूला थांबा. किल्लीने स्टिअरिंग लॉक होत असेल तर ती पूर्ण मागे नेऊ नका. प्लग काढा. चारही बिस्किटी रंगाचे हवेत. चारही पांढरे असतील तर एसयूचं नट आणखी एक पैलू खाली द्या. एकच पांढरा असेल तर मॅनिफोल्डचा तेवढा जोड पुन्हा आवळा.