भूपाचा देसकार झाला तेव्हा

गाणं शिकायचं तर शास्त्र यायला हवं का, असं नवीन मुलं विचारतात. मी ग्वाल्हेरात, इथल्या लष्कर या भागात वाढले, त्यामुळे इथलंच सांगते.

दहा वर्षांची असताना गुरुजींकडे जायला लागले. तंबोरा जुळवायचा, सा लावायचा आणि ते गातील तसं गायचं. वहीला हात लावायची परवानगी नव्हती. एकदा भूप राग गाताना मी धैवतावर, म्हणजे 'ध'वर, रेंगाळले. सूर छान लागला होता, हलावंसंच वाटेना. गुरुजी म्हणाले, "अगं, हा देसकार झाला!" आणि स्वतः गाऊन गंधारावर, म्हणजे 'ग'वर, येऊन थांबले. मी तसंच म्हटलं, पण माझं काय चुकलं ते मला कळलं नव्हतं.

ते कळलं कॉलेजात. दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर. पण भूपाचा वादी, म्हणजे रागातला सगळ्यात महत्त्वाचा स्वर, गंधार, देसकाराचा धैवत. 'वादी' हा शब्द मी तोवर परीक्षेपुरता घोकला होता. त्या दिवशी गुरुजींचा तो गंधार कानात पुन्हा वाजला.

उलटंही पाहिलंय. मारवा, पूरिया, सोहनी या तीन रागांचे वादी आणि संवादी (वादीखालोखाल महत्त्वाचा स्वर) धडाधड सांगणारी एक मुलगी माझ्याकडे आली. गायला लागली की तिन्ही एकच! स्वर तेच आहेत, चलन, म्हणजे रागात स्वरांवरून फिरायची रीत, वेगळं, आणि चलन पाठांतरानं गळ्यात उतरत नाही. तिला सहा महिने फक्त पूरिया दिला.

म्हणून पहिली एक-दोन वर्षं कान आणि गळा. ताल मात्र पहिल्या दिवसापासून हातावर धरा. रूपक तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर, म्हणजे टाळी न वाजवायच्या जागी, येते, हे वाचून पटत नाही, सात मात्रा मोजल्या की पटतं. आमच्या ग्वाल्हेर गायकीत बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, बरेचदा तिलवाडा तालात असतो. त्याच्या सोळा मात्रा विलंबितात, म्हणजे संथ लयीत, सांभाळायच्या तर हाताला सवय हवीच. स्वरलिपी, म्हणजे गाणं स्वरांत लिहायची पद्धत, त्यानंतर, पण शिकाच. हद्दू खाँ-हस्सू खाँ या ख्यालगायक भावांच्या या गावात गाणं गुरुमुखानंच चालत आलं, तरी 1918 साली संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या योजनेनं माधव संगीत महाविद्यालय इथेच उभं राहिलं. लिहून ठेवलेली बंदिश विसरली तरी परत सापडते. माझ्या गुरुजींच्या दोन बंदिशी मी लिहिल्या नाहीत, त्या गेल्या. अजून हळहळ वाटते.

डिसेंबरात इथे ग्वाल्हेरात तानसेन समारोहाला, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवाला, या. गायक कुठे थांबतो, समेवर कसा येतो, तेवढंच ऐका. तो राग घरी गेल्यावर पुस्तकात बघा.