पद्मिनी, अँबेसेडर, जुनी जीप: भरवशाचा कंडेन्सर कसा निवडायचा

गाडी सकाळी एका सेल्फात चालू होते, पंधरा-वीस किलोमीटर मस्त पळते, मग सिग्नलला मिसिंग मारायला लागते, सायलेन्सरमधून फटाके येतात आणि एकदा बंद पडली की बॉनेट उघडं ठेवून इंजिन गार होऊ दिल्याशिवाय परत चालू होत नाही. पॉइंटवाल्या (म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे धातूचे संपर्क असलेल्या) गाड्यांत ही तक्रार कायमची, आणि बरेच जण लगेच कार्ब्युरेटर खोलतात नाहीतर पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवतात, कारण पद्मिनीला उन्हाळ्यात व्हेपर लॉक होतो (पाइपातच पेट्रोलची वाफ होते) हे सगळ्यांना माहिती आहे. पण खूप वेळा दोषी असतो तो डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागातला) अंगठ्याएवढा कंडेन्सर, आणि तो नवाच टाकलेला असतो म्हणून त्याच्यावर कुणी संशयच घेत नाही.

आधी हा करतो काय ते बघू, म्हणजे निवडताना काय बघायचं ते आपोआप कळेल. पॉइंट उघडले की कॉइलच्या प्रायमरीतला (बॅटरीकडच्या वेटोळ्यातला) करंट एकदम तुटतो, आणि तो जितका झटकन तुटेल तितकी प्लगला ठिणगी जोरदार. कंडेन्सर नसेल तर करंट उघडणाऱ्या पॉइंटमधूनच आर्क मारून वाहत राहतो, पॉइंट जळतात आणि प्लगला पिवळी मरगळलेली ठिणगी मिळते. चांगला कंडेन्सर तो करंट क्षणभर स्वतःत घेतो, पॉइंट तेवढ्यात पुरेसे उघडतात. या वेळी गाडी १२ व्होल्टची असली तरी कंडेन्सरवर तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत झटका येतो, आणि चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला असेल तर असे झटके सेकंदाला १००. तेही बॉनेटखालच्या उष्णतेत, तेलाच्या वाफेत, हादरे खात. म्हणून कंडेन्सरची खरी परीक्षा गरम असताना आणि जास्त व्होल्टेजवर होते, दुकानाच्या काउंटरवर थंड असताना सगळेच पास होतात.

आता गाडी गरम होऊन बंद पडली की दोष कंडेन्सरचाच आहे का ते तिथल्या तिथे बघता येतं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या मधली जाड वायर काढा, इन्सुलेटेड पक्कडीत धरून तिचं टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलीमीटरवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा (आसपास पेट्रोल गळत नाहीये ना ते आधी बघा). कडकड आवाज करत निळी ठिणगी आली तर इग्निशन ठीक आहे, पेट्रोलच्या बाजूला जा. पिवळी, बारीक किंवा आलीच नाही तर कॅप काढा, पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन करून स्क्रूड्रायव्हरने ते उघडून बघा. बारीकशी ठिणगी नॉर्मल आहे, पण मोठी फटफटणारी आर्क दिसली तर कंडेन्सर आतून सुटलाय. पॉइंटवर अजिबात काहीच होत नसेल तर तो शॉर्ट झालेला असू शकतो, पण आधी पॉइंटच्या आर्मचा इन्सुलेटर आणि तिथली वायर बॉडीला टेकत नाहीये ना ते बघा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जुन्या कंडेन्सरची वायर सोडवायची आणि चांगला माहीत असलेला दुसरा बाहेरूनच लावायचा, वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला आणि डबी बॉडीला. गाडी लगेच सुधारली तर विषय संपला. नाही सुधारली आणि कॉइल हात लावू देत नाही इतकी तापली असेल तर कॉइल बघा.

विकत घेताना पहिला प्रश्न किती मायक्रोफॅरडचा, म्हणजे त्याची चार्ज साठवायची क्षमता (कपॅसिटन्स) किती. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरसाठी साधारण ०.१८ ते ०.२४, आणि आपल्याकडच्या बहुतेक चार सिलिंडर गाड्या ०.२ ते ०.२५ मध्ये खूश असतात. पण फक्त आकडा बघून घेऊ नका. साधा मल्टिमीटर कपॅसिटन्स मोजतो तो एक-दोन व्होल्टवर, त्यामुळे आतून लीक होणारा कंडेन्सरही तिथे सुंदर ०.२२ दाखवतो.

मग डबी हातात घेऊन नीट बघायची. पारंपरिक कंडेन्सरमध्ये फॉइल आणि कागदाची गुंडाळी असते, एक टोक वायरला आणि दुसरं डबीला, आणि स्वस्त मालात हा आतला जोड नुसत्या दाबावर असतो, गरम झालं की सैल. वायर हळूच ओढून, वळवून बघा, मुळाशी हलली तर परत द्या. ज्या टोकातून वायर बाहेर येते तिथलं रबर किंवा बेकेलाइट घट्ट बसलेलं पाहिजे आणि डबीची कड सगळीकडून सारखी दाबलेली पाहिजे, कारण आपल्या कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवा तिथूनच आत जाते आणि कागद ओलसर झाला की इन्सुलेशन गेलं. डबी बसवायची पट्टी तिला पक्की वेल्ड आहे का तेही बघा. पट्टी हलत असेल तर बाकी कितीही चांगला असो, बॉडीचं अर्थिंगच धड मिळणार नाही.

जुन्या दुकानात धूळ खात पडलेला ओरिजिनल पॅकिंगचा माल मिळाला की लोक खजिना मिळाल्यासारखे घेतात. मला स्वतःला जुना माल आवडतो, बांधणी खरंच चांगली असायची, पण कागदाचा कंडेन्सर नुसता कपाटात पडूनही म्हातारा होतो, त्यामुळे खोक्यावरचं नाव कितीही मोठं असलं तरी टेस्ट केल्याशिवाय गाडीत घालू नका.

टेस्ट म्हणजे मेगर, जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं मीटर. घरी नसतो, पण ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे किंवा मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे ५०० व्होल्टचा मेगर असतोच, त्याला पाच मिनिटं मागा. वायर आणि डबीच्या मध्ये लावून थंड असताना वाचन घ्या, मग हेअर ड्रायरने कंडेन्सर चांगला हात भाजेल इतका गरम करा आणि परत घ्या. थंड असताना बहुतेक सगळे चांगलं वाचन देतात, गरम झाल्यावर खराब माल धडाधड खाली येतो, आणि गरम असताना १० मेगाओहमच्या खाली गेलेला मी तरी गाडीत घालत नाही. गरम असतानाच वायर थोडी हलवून कपॅसिटन्सही बघा, आकडा उड्या मारत असेल तर आतला जोड सैल आहे. आणि मेगर काढल्यावर वायर डबीला टेकवून डिस्चार्ज करायला विसरू नका, चार्ज राहिलेला कंडेन्सर चांगलाच झटका देतो.

इतकं करूनही चांगला माल मिळत नसेल, आणि हल्ली तसंच होतं, तर माझं स्पष्ट मत आहे की फिल्म कपॅसिटर वापरा (कपॅसिटर म्हणजे कंडेन्सरच, यात कागदाऐवजी प्लॅस्टिकची फिल्म असते). मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट डीसी किंवा त्याच्या वरचा पॉलीप्रॉपिलीन मागा, पल्ससाठी बनवलेला फिल्म-फॉइलचा मिळाला तर सगळ्यात उत्तम. पॉलीप्रॉपिलीनला साधारण १०५ डिग्रीपर्यंतच चालतं, म्हणून तो डिस्ट्रिब्युटरच्या आत कोंबू नका, बाहेर लावा. सिरॅमिकच्या गोल चकत्या नकोत, त्यातल्या बऱ्याच जातींची व्हॅल्यू व्होल्टेज आणि उष्णतेबरोबर पार घसरते. इलेक्ट्रोलिटिक तर अजिबातच नको. पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रस्त्यात लावून घरी आणल्याचे किस्से ऐकायला मिळतात, पण तो दहापट मोठा आहे, ठिणगी कमजोर होते. त्यापेक्षा पॉइंटवाल्या बुलेटचा कंडेन्सर मीटरवर ०.२ च्या आसपास दाखवत असेल तर तात्पुरता तोच बरा.

फिल्म कपॅसिटरची अडचण एकच, त्याचे बारीक पाय हादऱ्याने तुटतात. म्हणून पायांना मल्टिस्ट्रँड लवचिक वायर सोल्डर करा, हीटश्रिंक चढवा, आणि सगळं एका छोट्या डबीत एपॉक्सीने भरून टाका, जुन्या कंडेन्सरची रिकामी डबी असेल तर दिसायलाही ओरिजिनल. बसवायचं ते इंजिनवर नाही तर बाजूच्या बॉडीच्या पत्र्यावर, रंग खरवडून, मॅनिफोल्डपासून लांब. फूटभर वायर झाली तरी चालते. डिस्ट्रिब्युटरमधला जुना सोडवून ठेवायचा, दोन्ही एकदम जोडलेले ठेवायचे नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण चांगले चांगले मिस्त्री यात गोंधळतात. जुन्या लुकास कॉइलवर एसडब्ल्यू (स्विच) आणि सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे पॉइंट) असं लिहिलेलं असतं, आपला कंडेन्सर सीबीकडे, म्हणजे पॉइंटच्या बाजूला. काही गाड्यांत कॉइलजवळ अगदी तसाच दिसणारा आणखी एक असतो, तो रेडिओची खरखर घालवायचा, त्याची व्हॅल्यू बरीच मोठी, साधारण १ मायक्रोफॅरड, आणि तो एसडब्ल्यूकडे लागतो. तो चुकून सीबीला लागला की गाडी ओढच घेत नाही आणि तुम्ही प्लग, कॅप, वायर सगळं बदलत बसता.

बदलायच्या आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या बेसप्लेटची (पॉइंट बसतात त्या प्लेटची) कापडी आवरणाची बारीक अर्थिंगची वायरही बघा. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे) प्लेट सारखी फिरते, ती वायर आतल्या आत तुटते आणि लक्षणं हुबेहूब कंडेन्सर गेल्यासारखी दिसतात. आणि पॉइंट बदलले म्हणून चांगला चालणारा कंडेन्सरही काढून टाकायची पद्धत मला पटत नाही, पॉइंट स्वच्छ राखाडी निघाले असतील तर तो कंडेन्सर राहू द्या.

नवीन लावल्यावर पाचशे-सातशे किलोमीटर झाले की पॉइंट काढून भिंगातून बघा. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं तिच्यात) स्थिर पॉइंट निगेटिव्ह असतो, त्याला खड्डा आणि हलत्या पॉइंटला टेकाड झालं असेल तर कंडेन्सरची व्हॅल्यू कमी पडतेय, उलटं असेल तर जास्त आहे. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बाजू बदलतात, खड्डा निगेटिव्ह पॉइंटला आहे का एवढंच बघायचं. थोडंसं टेकाड चालतं. मोठं असेल तर गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे ना ते आधी तपासा, अँबेसेडरला ०.०१४ ते ०.०१६ इंच, आणि मगच ०.१८ च्या जागी ०.२२ किंवा ०.२२ च्या जागी ०.१८ लावून परत तेवढीच गाडी चालवून बघा.