स्टिअरिंग रॅक बदलायला किती खर्च येतो, आणि त्याआधी काय चेक करून घ्यायचं

खड्ड्यातून गाडी गेली की पुढून खडखड येते, गॅरेजवाला एक चक्कर मारून आणतो आणि सांगतो, "रॅक गेलाय साहेब, बदलावा लागेल." इथे लगेच हो म्हणू नका. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी (शाफ्ट) आणि तिची बॉडी. रॅक खरंच गेलेला असू शकतो, पण अगदी तसाच आवाज सस्पेन्शनच्या पार्टचा, म्हणजे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (सांध्यातलं रबर), बॉल जॉइंट नाहीतर स्ट्रट माउंटचा पण असतो, आणि हे पार्ट रॅकच्या मानाने बरेच स्वस्त आहेत. लहान गाडीला दोन्ही बाजूचे लिंक रॉड साधारण हजार-दीड हजारात होतात. म्हणून आधी स्वस्त पार्ट चेक करायचे आणि मगच रॅककडे वळायचं, मेकॅनिक कितीही घाईत असला तरी.

चेक करायला अवघड काही नाही, फक्त समोर उभं राहून करून घ्या. पुढचं चाक जॅकवर उचलायला सांगा, मग टायर दोन्ही हातांनी डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवायचा, घड्याळात जिथे 9 आणि 3 असतात तिथे. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर टाय रॉड एंड (चाकाकडचा सांधा), रॅक एंड (रॅककडचा सांधा) किंवा रॅक. वर-खाली धरून हलवल्यावर प्ले आला तर बॉल जॉइंट नाहीतर व्हील बेअरिंग. मग गाडी खाली उतरवायची, एकाने आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे झटकायचं आणि दुसऱ्याने खालून बुटावर, म्हणजे रॅकच्या टोकाला जे रबराचं घडीदार कव्हर असतं त्यावर हात ठेवायचा. टकटक हाताला नेमकी कुठे लागते ते कळतं. बाहेरच्या टोकाला लागली तर टाय रॉड एंड, बुटाच्या आत लागली तर रॅक एंड, आणि मधल्या बॉडीतून आली तरच रॅकचा बुश (शाफ्टला आधार देणारी कडी) किंवा पिनियन (शाफ्टला सरकवणारं छोटं दातेरी चाक). टाय रॉड एंड आणि रॅक एंड दोन्ही वेगळे मिळतात, लहान गाडीला एकेक साधारण पाचशे ते हजार-बाराशे, त्यासाठी अख्खा रॅक बदलायची गरज नसते.

बूट फाटलाय का ते पण बघा. पावसाळ्यात फाटक्या बुटातून चिखल-पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, शाफ्टला गंज धरतो आणि मग तो गंजलेला शाफ्ट बुश खातो. रॅक खराब व्हायचं आपल्याकडे हे मोठं कारण आहे आणि बूट येतो दोन-चारशे रुपयांना, सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर गेली की तेवढा बघून घेतला तरी पुढचे हजारो वाचतात.

आता रॅकच बदलायचा ठरला तर खर्च गाडीत स्टिअरिंग कुठल्या टाइपचं आहे त्यावर जातो. स्विफ्ट, वॅगनआर, आय20 अशा गाड्यांत पॉवर स्टिअरिंगची मोटर वर कॉलमवर (स्टिअरिंगखालच्या दांड्यावर) असते, त्यामुळे खालचा रॅक साधा मेकॅनिकलच असतो, पार्ट साधारण पाच ते दहा हजार. जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ यांना हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारं), तिथे पंधरा हजारांपासून पुढे तीस-पस्तीसपर्यंत धरून चला. ज्या महागड्या गाड्यांत मोटर रॅकवरच बसवलेली असते तिथे एकटा पार्टच लाखाच्या वर जाऊ शकतो. लेबर लहान गाडीला दीड ते चार हजार, कारण बऱ्याच गाड्यांत क्रॉस मेंबर (इंजिनखालची आडवी चौकट) खाली घेतल्याशिवाय रॅक निघत नाही. वर अलाइनमेंटचे पाचशे-आठशे, हायड्रॉलिक असेल तर ऑइल वेगळं. अजून एक, 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे बॉक्सवर जुनी एमआरपी असेल तर नवा रेट विचारायचाच.

बदलायच्या आधी रिपेअरचं पण विचारा. नुसता बुश झिजला असेल तर बुश किट टाकून लेबरसकट दीड-अडीच हजारात काम होतं आणि शाफ्ट चांगला असेल तर टिकतंही. शाफ्टला खड्डे पडलेत, गंज चढलाय किंवा पिनियनचे दात झिजलेत तर मात्र रिपेअरवर पैसे घालू नका. काही जण रॅकचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून देतात, आवाज तात्पुरता जातो खरा, पण जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि हायवेला ते धोक्याचं आहे. पुण्यात नाना पेठेत नवे पार्ट बऱ्या भावात मिळतात, मुंबईत कुर्ल्याला जुने पण मिळतात, पण स्टिअरिंगला जुना रॅक मी कुणालाच घ्या म्हणणार नाही, ठोकलेल्या गाडीतून निघाला असला तर आतून वाकलाय का ते बाहेरून दिसत नाही.

पैसे भरायच्या आधी वॉरंटी आणि रिकॉल बघाच. जुलै 2023 मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि ईकोच्या 87,599 गाड्या टाय रॉडच्या पार्टसाठी परत बोलावल्या होत्या, ऑगस्ट 2024 मध्ये ऑल्टो के10 च्या 2,555 गाड्या स्टिअरिंग गिअर बॉक्ससाठी. कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकला की तुमची गाडी रिकॉलमध्ये आहे का ते कळतं, असेल तर काम फुकट होतं. इन्शुरन्स झिजलेल्या पार्टला काही देत नाही, ॲक्सिडेंटमध्ये रॅक वाकला असेल तर क्लेम बसतो.

काम चालू असताना एक गोष्ट मेकॅनिकला आठवणीने सांगा, चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेव. खालचा जॉइंट सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली गुंडाळलेली वायर) तुटते, हॉर्न बंद, एअरबॅगची लाइट चालू, आणि वर काही हजारांचा नवा खर्च. हायड्रॉलिकमध्ये जुनं ऑइल पूर्ण काढून पाइप धुवायला लावा, नाहीतर जुन्यातला कचरा नव्या रॅकचे सील कापतो. ईएसपी (गाडी घसरू न देणारी सिस्टीम) असलेल्या गाडीला अलाइनमेंटनंतर स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेट करावा लागू शकतो.

बिल द्यायच्या आधी स्वतः चालवून बघा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ हवं, दोन्ही बाजूला लॉकपर्यंत (शेवटपर्यंत) सारखेच फेरे हवेत आणि वळण घेऊन हात सैल सोडला की ते स्वतःहून परत यायला हवं. येत नसेल तर गाडी तिथेच ठेवा, परत खोलायला लावा.