आंबट कुठे, सोडा कुठे

एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. बाटल्यांवर लेबलं चिकटवायची, परीक्षानळ्या धुवायच्या, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी लिटमसचे तुकडे कापून ठेवायचे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं बार्शीहून मुलाकडे वाघोलीला आलो आणि परीक्षानळ्यांच्या जागी नळ, कुकर आणि मोरी माझ्या वाट्याला आली. इथे पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं. स्टीलचा पेला धुऊन पालथा घातला की सुकल्यावर त्यावर खडूने ठिपके दिल्यासारखे पांढरे डाग. ही म्हणाली, "अहो, एवढी वर्षं पोरांची भांडी घासलीत, आता घरची घासा." घासायला लागलो.

महिन्याभरात लक्षात आलं की घरातले बहुतेक डाग दोनच जातीचे. पांढरा, खरखरीत, नखाने खरवडला तर भुगा निघणारा डाग पाण्यातल्या क्षारांचा. त्याला आंबट लागतं: लिंबू, चिंच, व्हिनेगर, लिंबूसत्त्व. दुसरा तेलकट, चिकट, नाहीतर करपलेला. त्याला साबण किंवा सोडा. तांब्या-पितळेवरचं काळेपण आंबटाकडे जातं, चहाच्या कपातला तपकिरी थर सोड्याकडे. आधी हे ठरवायचं, मग फडकं हातात घ्यायचं.

आणि आता माझी एक जुनी चिडचिड. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतायचा सल्ला जो तो देतो. भसाभसा फेस येतो, म्हणून वाटतं काहीतरी जोरात काम चाललंय. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. शाळेत हाच वायू चुन्याच्या निवळीत सोडून आम्ही निवळी दुधाळ करून दाखवायचो. फेस बसला की आम्लाने सोडा मारलेला असतो, सोड्याने आम्ल मारलेलं असतं, आणि तुमच्या हातात उरतं खारट पाणी. दोन्ही वापरायचे असतील तर आधी एक, मग भरपूर पाणी, मग दुसरं.

नळाचं सांगतो. तोटीभोवती जो पांढरा दगडी थर बसतो तो बराचसा कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे खडूचाच भाऊ. तो घासत बसायचा नाही, भिजवायचा. जुन्या बनियनची पट्टी व्हिनेगरमध्ये बुडवून तोटीला गच्च गुंडाळायची आणि अर्धा-पाऊण तास विसरून जायची. शॉवरला प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती रबरबँडने बांधायची. मग जुन्या टूथब्रशने घासलं की थर पोपडे धरून निघतो. लगेच साध्या पाण्याने धुवायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं. पट्टी रात्रभर ठेवू नका, नळावरचा मुलामा खराब होतो. संडास साफ करायचं ॲसिड तर नळाला लावूच नका. आमच्या मजल्यावर एकांनी लावलं. दगडी थर गेला, त्याबरोबर नळाची चकाकीही गेली, आणि आता तो नळ पितळी पिवळा दिसतो.

विजेच्या किटलीत एक लिटर पाणी, दोन चमचे लिंबूसत्त्व. उकळा, अर्धा तास तसंच राहू द्या, ओता, दोनदा साधं पाणी उकळून फेकून द्या. किटलीतच थर जास्त का बसतो? पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट तापवल्यावर फुटतात आणि खडू होऊन तळाशी बसतात. पोरांना मी याला "तात्पुरता कठीणपणा" म्हणून पाठ करायला लावायचो, किटली मात्र कधी दाखवली नाही. गिझरच्या पोटातही हेच चालतं, पण तो उघडायचं काम मेकॅनिकचं. त्याला एवढंच सांगा की अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी धातूची कांडी, बघून घे. बोअरच्या पाण्यात तो लवकर झिजतो.

आंबट कुठे वापरायचं नाही, हे मी पैसे मोजून नाही, पण बोलणी खाऊन शिकलो. बार्शीच्या घरी कडाप्प्याचा ओटा होता. एका रात्री पोह्यांवर पिळून उरलेली अर्धी फोड मी तशीच ओट्यावर पालथी ठेवली आणि झोपलो. सकाळी उचलली तर खाली रुपयाएवढं फिकट करडं वर्तुळ. पुसलं, धुतलं, साबण लावला, जाईना. जाणार कसं? तो डाग नव्हताच. लिंबाने दगडाचा वरचा पापुद्रा खाल्ला होता. कडाप्पा काळा असला तरी जातीने चुनखडकच, शहाबादी फरशीही तीच, आणि संगमरवरही आम्लापुढे असाच मऊ. एकतीस वर्षं चुनखडीवर आम्ल टाकून पोरांना फेस दाखवणाऱ्या माणसाच्या घरात हे व्हावं! खोबरेल तेल चोळलं की वर्तुळ काही दिवस दिसेनासं होई, पुन्हा उमटे. घर सोडेपर्यंत हिने त्यावर मिठाची बरणी ठेवली होती आणि पाहुणे आले की मुद्दाम उचलून दाखवायची.

म्हणून ओटा कशाचा आहे ते माहीत नसेल तर सिंकखालच्या कोपऱ्यात, जिथे कुणी बघत नाही तिथे, लिंबाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसा. फिकट ठिपका राहिला तर त्या ओट्यावर लिंबू, व्हिनेगर, ताक, चिंच काहीही सांडलं की लगेच पुसायचं, आणि साफ करायला फक्त भांड्यांचं लिक्विड व पाणी. ग्रॅनाइटला याची भीती नाही.

ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो. आपलं पाणी क्षारांचं, ते उकळलं की ॲल्युमिनियम काळवंडतं. डब्यांखालच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल किंवा चिंचेचं बुटुक टाका, काळं पडायचं थांबतं. आधीच पडला असेल तर पाण्यात मूठभर चिंच घालून दहा मिनिटं उकळा. सोडा मात्र ॲल्युमिनियमला अजिबात नको, खायचाही नको आणि धुण्याचा तर नकोच. भांडं आणखी काळं होतं, वर खराबही होतं.

स्टीलचं दुधाचं पातेलं करपलं की सोड्याला बोलवा. करपलेल्या थराच्या बोटभर वर येईल एवढं पाणी, दोन चमचे खायचा सोडा, मंद आचेवर दहा मिनिटं, मग झाकून ठेवा. गार झाल्यावर लाकडी उलथन्याने ढकललं की पापुद्रा सुटतो. तारेची घासणी काढू नका. तिने पडलेल्या चरांत पुढच्या वेळी दूध आणखी लवकर लागतं.

तांब्या-पितळेची कृती सगळ्यांना ठाऊक आहे: चिंच किंवा लिंबू आणि मीठ. वरचं काळं म्हणजे ऑक्साइड, ते आम्लात विरघळतं, मीठ त्याला जोर देतं. लोक चुकतात ते पुढे. आंबटाचा अंश राहिला तर संध्याकाळपर्यंत हिरवट डाग धरतात. म्हणून खळखळून धुवायचं, लगेच पुसायचं, थोडा वेळ उन्हात. कल्हईचं भांडं आतून काथ्यानेही जोरात घासू नये. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी ठेवली की ती कळकते, आणि असं कळकलेलं पोटात जाऊ देऊ नये.

हळदीची गंमत सांगतो, हा माझा लाडका विषय. नातीने शाळेच्या पांढऱ्या गणवेशावर वरण सांडलं. सूनबाईने साबण लावला आणि पिवळा डाग एकदम तांबडालाल. ती आतून ओरडली, "बाबा, हे बघा काय झालं! रक्तासारखं!" मी धावत गेलो ते आनंदाने. हळद आम्लारीत लाल होते, आणि साबण आम्लारीच. लिटमस संपला की आम्ही गाळणकागदाला हळदीचं पाणी लावून तोच वापरायचो. नातीला लिंबाचा थेंब टाकून डाग पुन्हा पिवळा करून दाखवला. ती म्हणाली, "आजोबा, अजून एकदा." सूनबाई म्हणाली, "बाबा, आधी डाग काढा."

काढायचा असा: लाल झाला तरी घाबरायचं नाही. साबणाने चोळून तेल काढून टाकायचं, नीट धुवायचं आणि ओला कपडा डाग वर करून कडक उन्हात घालायचा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. ताजा डाग बहुधा दुपारभरात जातो, जुन्याला दोन-तीन वेळा ओलं करून ऊन द्यावं लागतं. सावलीतल्या दोरीवर वाळवाल तर महिनाभर राहील. रंगीत कपड्याला मात्र ऊन बेताने द्या, त्याचा स्वतःचा रंगही उडतो. रक्त, दूध, अंडं यांच्या डागांना गार पाणीच. गरम ओतलं की प्रथिनं थिजून धाग्यात घट्ट बसतात.

आता एक गोष्ट जरा दटावूनच सांगतो. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी आणि संडासचं ॲसिड एकाच वेळी वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बार्शीत मी हे स्वतः केलं. सकाळी मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली होती, ते विसरून दुपारी दार लावून त्यावर ॲसिड ओतलं. वास ओळखीचा होता म्हणून श्वास रोखून बाहेर पळालो, तरी दोन दिवस खोकत होतो. व्हिनेगरही ब्लीचमध्ये मिसळू नका. एक वापरलं की भरपूर पाणी, दार-खिडकी उघडी, आणि दुसरं दुसऱ्या दिवशी. बाटल्या बदलून ठेवायची सवय असेल तर तीही मोडा. ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीच भरू नये.

स्वयंपाकातही हीच दोन कुळं भेटतात. तूरडाळ कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या होऊनही दाणा राहतो, तेव्हा डाळीला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, पाणी. क्षारांच्या पाण्यातलं कॅल्शियम डाळीचा दाणा मऊ होऊ देत नाही, म्हणून डाळ-कडधान्य भिजवायला आणि शिजवायला आम्ही प्यायचं फिल्टरचं पाणी घेतो. दुसरं, आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी पडलं की डाळ दाणेदारच राहते, म्हणून आंबट नेहमी डाळ घोटल्यावर. बटाट्याचंही तसंच, टोमॅटोच्या रश्शात कच्चा बटाटा टाकला की तो टणक राहतो. चिमूटभर सोड्याने डाळ झटकन शिजते हे खरं, पण त्याने ब जीवनसत्त्वातलं बी-१ नासतं आणि चवही साबणासारखी लागते. हरभऱ्यासाठी फार तर भिजवताना घाला आणि ते पाणी फेकून द्या. उलट भेंडीला आंबट हवंच. दोन आमसुलं किंवा थोडं लिंबू पडलं की तार तुटते.

शेवटी गुळाचा चहा, कारण हिवाळ्यात आमच्याकडे दर दोन दिवसांनी कुणाचा तरी फाटतो. गुळात थोडी आम्लता असते, उकळत्या दुधाला तेवढी पुरते. पाणी, आलं, चहापूड आणि गूळ आधी चांगलं उकळून घ्या. दूध शेजारच्या शेगडीवर वेगळं तापवा. चहाखालचा गॅस बंद करा, क्षणभर थांबा, मग दूध ओता आणि गाळा. पुन्हा गॅसवर चढवायचा नाही, कितीही गार वाटला तरी. आमच्या हिला तो वाफाळताच लागतो, म्हणून मी कपच आधी गरम पाण्याने विसळून ठेवतो.